आठवड्याला चार पानं

माझी नात श्रीदेवी नर्सिंग शिकायला लातूरला गेली, त्या वर्षीची ही हकिकत आहे. म्हणजे २०२३ सालची. तिला एसटीत बसवून दिलं आणि मी स्टँडवरून तसाच वाचनालयात गेलो, कारण रविवार होता आणि रविवारी दुपारी चारला आमचं वाचक मंडळ बसतं.

उमरग्यात हायवेच्या कडेला हे वाचनालय आहे. खाली टायरचं दुकान, वर एक लांबट खोली. जड ट्रक गेला की कपाटाच्या काचा किणकिणतात आणि रबराचा वास जिन्यातून वर येतो. आम्ही सहा-सात जण लाकडी टेबलाभोवती बसतो. प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या. सध्या कोणतं पुस्तक चालू आहे, कितव्या पानापर्यंत आलं, आणि आतापर्यंत त्यात काय झालं. शेवट सांगायचा नाही. हा शेवटचा नियम मीच घातलेला.

मंडळात मला मान होता. तो मान एकाच गोष्टीवर उभा होता.

माझी बायको गंगम्मा भूकंपाच्या आदल्या वर्षी गेली. खोकल्याचं औषध समजून ती बैलांच्या गोचिडाचं औषध प्यायली. मी हमाल होतो, चाळीस वर्षांचा, अक्षरशत्रू. बाटलीवर काय लिहिलंय ते घरात कुणालाच कळलं नाही. पुढच्या वर्षी भूकंपात गाव बसलं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना मी अक्षरं शिकलो. ही गोष्ट मी पन्नासेक शाळांमधून सांगितली असेल. माझी मुलगी राजेश्वरी शिक्षिका आहे. आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती. तीच मला शाळांत घेऊन जायची. माझं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, “दोन अक्षरं आली असती, तर माझी बायको आज जिवंत असती.” त्या वाक्याला राजेश्वरी दर वेळी डोळे पुसायची.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तिनं मंडळात एका बाईला आणलं. धुरपदाबाई. वय साठीच्या पुढं. माहेर भूम तालुक्यातलं ईट. तेव्हा हायवेवरच्या धाब्यावर भाकरी थापायची. राजेश्वरीच्या प्रौढ वर्गात अक्षरं शिकली होती.

“अप्पा, हिला तुमच्यात बसू द्या. तुमची गोष्ट ऐकूनच शिकली ही,” राजेश्वरी म्हणाली आणि पेपर तपासायचे म्हणून निघून गेली.

बाईनं वर्तमानपत्राचा एक तुकडा बोट ठेवून वाचून दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वीस वर्षांत माझ्या वाचण्याला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

मग तिनं मला विचारलं, “अप्पा, तुमास्नी किती दिसात याया लागलं? मला तर तीन म्हयन्यात औषधाच्या बाटलीवरचं बी लागलं.”

“ज्याची त्याची कुवत,” मी म्हणालो.

तिला इथून घालवायचं, हे मी तेव्हाच ठरवलं. समोरच्या भिंतीकडं बघत मी एक नाव रचलं.

“धुरपदाबाई, ‘कोरड्या आडाची वाट’ वाचलंय का? नव्या वाचकानं आधी तेच वाचावं.”

असलं पुस्तक जगात नव्हतं. पण उमाशंकर, आमचा निवृत्त कारकून, न वाचलेलं पुस्तक कबूल करणारा माणूस नव्हे. तो मान हलवत म्हणाला, “उत्तम पुस्तक. कॉलेजात असताना वाचलंय मी. फक्त शेवट पडतो.”

बाई लाजली. “न्हाय वाचलं. पर आणते हुडकून.”

आता ही आठवडाभर गावभर विचारत फिरणार आणि हसं होऊन परत यायची नाही, असा माझा हिशोब होता.

पुढच्या रविवारी ती आली. हातात पुस्तक होतं. वर्तमानपत्राच्या पिवळ्या कागदाचं कव्हर घातलेलं.

“घावलं,” ती म्हणाली. “खालच्या फळीवर व्हतं.”

मी ग्रंथपाल श्रीशैलकडं पाहिलं. तो खांदे उडवत म्हणाला, “मी नाही दिलं. रजिस्टरात पण नाही. नेलं तर नेलं.”

भलतंच काहीतरी उचललं असेल, असं मी धरून चाललो.

“किती पानं झाली?” उमाशंकरनं विचारलं.

“चार.”

“आठवड्यात चार? आमच्या घरची झुरळं यापेक्षा जास्त वाचतात.”

सगळे हसले. मी जास्त हसलो. तीही हसली आणि सांगू लागली, “यक हमाल हाय. पांढऱ्या मातीचं घर हाय त्याचं. रोज पाठीवर पोती वाहतो. कुनासंगं बोलत न्हाय.”

“मग? पुढं?”

“पुढं पान संपलं.”

ती उठली तेव्हा तिच्यासमोर टेबलावर पांढरी धूळ पडलेली दिसली. मी बोटानं पुसली. माती होती. चिमटीत घेतली तर मऊ, आमच्या पडलेल्या गावच्या माळवदांच्या छतावर असायची तशी.

त्याच्या पुढच्या रविवारी ती म्हणाली, “त्या हमालाची बायकू आजारी हाय. अकरा म्हयने खोकतीया. तिचा पितळी पेला हाय, कडंला चेपलेला. पानी पिताना ती त्या चेपलेल्या जागी दोन बोटं ठिवती. अन् पोरगी तिची बांगडी मुठीत धरून निजती.”

“आता आलं की लेखकाला लिहिता,” उमाशंकर म्हणाला.

तसाच पेला गंगम्माचा होता. तो पेला घराखाली गाडला गेला होता. घरी आल्यावर मी राजेश्वरीला विचारलं, “तू त्या बाईला आईबद्दल काही सांगितलंस का?”

“मला आठवतंय काय सांगायला, अप्पा? मला आईचा चेहरा पण नीट आठवत नाही.”

दिवाळी झाली. पुढच्या बैठकीला मी सगळ्यांच्या आधी येऊन बसलो. बाई आली, बसली, कव्हरावरून हात फिरवला.

“आता तो हमाल चोरून शाळंला जातोय. सांजच्याला, मठात. सहा जनं हायती. लोक हसतील म्हनून बायकूला बी सांगत न्हाय. पुस्तक कडब्यात दडवतो.”

ही गोष्ट सांगणारं कुणी जिवंत नव्हतं. मठातल्या वर्गात आम्ही सहा जण होतो. मास्तर आणि बाकीचे पाच भूकंपात गेले. शेडमध्ये मी पहिल्यांदा पाटी हातात घेतली तेव्हा मला वाचता येत होतं. मी येत नसल्यासारखं केलं आणि पुन्हा पहिल्यापासून शिकलो. नव्या मास्तरांनी माझं कौतुक केलं होतं, फार लवकर शिकतो म्हणून.

“भिकार पुस्तक आहे,” मी म्हणालो. “दुसरं घ्या तुम्ही. मी देतो काढून.”

“असू द्या हो, बंडप्पा,” उमाशंकर म्हणाला. “रंगात आलंय.”

मी पुस्तकाकडं हात नेला. बाईनं ते छातीशी धरलं.

“माझं व्हऊ द्या, अप्पा. मग तुमी वाचा.”

सव्वीस नोव्हेंबरला राजेश्वरी आली. आपली विद्यार्थिनी कशी वाचते ते बघायला. ती माझ्या शेजारी बसली. वहीवर पेनानं रेघोट्या मारत ऐकत होती.

“बायकूला लई खोकला आलाय,” धुरपदाबाई सांगत होती. “तिनं कोनाड्यातली बाटली घेतली. दोन बाटल्या व्हत्या. हमाल दारात बसलाय. तिनं बाटली त्याच्याम्होरं धरली अन् इचारलं. कानडी शब्द हाय, मला त्याचा अर्थ लागला न्हाय. इदेना?”

राजेश्वरीचं पेन थांबलं.

“हेच का, असा अर्थ आहे,” ती हळू म्हणाली. “पुढं?”

“पुढं न्हाय वाचलं. चार पानं झाली.”

राजेश्वरी माझ्याबरोबर घरी यायला निघाली. चौकात आल्यावर म्हणाली, “आई कानडीत असंच विचारायची ना, अप्पा? तेवढंच आठवतंय मला तिचं. पुढच्या रविवारी मी येते. मला ती गोष्ट ऐकायचीय.”

आता खरं काय ते लिहितो. गंगम्मानं बाटली माझ्यासमोर धरली तेव्हा मला पाचवा महिना लागला होता वर्गात. लेबलावर दोन अक्षरं लाल शाईत होती. विष. मी ती वाचली. आणि मी म्हणालो, “मला कुठं वाचता येतंय? असंल तेच.”

अकरा महिने तिच्या खोकल्यानं मला झोप नव्हती. दिवसभर पोती, नंतर तो आवाज. मला झोप हवी होती. याहून मोठं कारण मला पुढं कधीही सापडलं नाही. त्या दिवशी मी झोपलो.

पुढच्या रविवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. गुरुवारी दुपारी मी धुरपदाबाईच्या घरी गेलो. धाब्यामागं एक खोली, दारात म्हैस बांधलेली. बाई अंथरुणावर होती. अंगात ताप. खोकत होती.

“अप्पा व्हय? या. चा कराया बी उठवंना बघा.”

“नको. पुस्तक न्यायला आलो.”

“संपलं काल. तापात पडल्या पडल्या सारंच वाचून काढलं.” उशीखाली कव्हराचं टोक दिसत होतं.

“शेवट काय आहे?”

ती हसली. “शेवट सांगायचा न्हाय. तुमचाच नेम हाय की.”

“मी कुणाला सांगत नाही.”

तिला खोकल्याची उबळ आली. लांब, कोरडी. तो आवाज मी एकतीस वर्षांनी ऐकत होतो. थुंकी गिळायचा तोच घोट, तेच थांबणं, तीच पुन्हा सुरुवात.

तिनं कोनाड्यात हात घातला. दोन बाटल्या होत्या. एक काढली.

“डोळ्याम्होरं अंधारी येतीया. तुमी बघा.”

बाटली तिनं माझ्या तोंडासमोर धरली. म्हशीच्या गोचिडाच्या औषधाची होती.

मग तिनं विचारलं, “इदेना?”

ईटची बाई. कानडीचा गंध नसलेली. शेवटचं अक्षर तिनं गंगम्मासारखं लांबवलं.

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं अंधारी नव्हती. ती माझ्याकडं नीट बघत होती, पुढचं वाक्य आधीच ठाऊक असलेल्या माणसासारखी.

माझा चष्मा माझ्या नाकावर होता.

“मला कुठं वाचता येतंय?” मी म्हणालो. “असंल तेच.”

“व्हय,” ती म्हणाली. “असंच लिवलंय.”

आणि तिनं झाकण फिरवलं.

मी उशीखालून पुस्तक ओढलं आणि बाहेर आलो. म्हैस रवंथ करत होती.

घरी कुणी नव्हतं. कव्हर काढलं. आत साक्षरता वर्गाची पहिली वाचनपुस्तिका होती. चोवीस पानांची. तिनं सांगितलेल्या गोष्टीतली एकही ओळ त्यात नव्हती. त्यात कमळ होतं, गवत होतं, बैल होता. पहिल्या पानावर पेन्सिलीनं माझं नाव, माझ्या तेव्हाच्या वाकड्या अक्षरात. शेवटच्या पानावर सरावाच्या दहा ओळी, दहाही त्याच. मला वाचता येतं. खाली मास्तरांची सही आणि तारीख, १९ जुलै १९९२. पानांच्या घडीत पांढरी माती.

गंगम्मा गेली त्या दिवशीच हे पुस्तक मी माझ्या हातानं चुलीत घातलं होतं.

या खेपेला मी ते पाणी तापवायच्या बंबात घातलं. राख होईपर्यंत उभा राहिलो. राख थंड झाल्यावर नालीत सोडली.

रविवारी मंडळ भरलं. धुरपदाबाईसाठी दोन मिनिटं उभे राहिलो.

“अडाणी असती तर समजलं असतं,” उमाशंकर म्हणाला. “बाटलीवरचं वाचता येतंय म्हणून सांगत होती. मग असं कसं झालं?”

“म्हणून तर वाईट वाटतं,” श्रीशैल म्हणाला.

“मी काय म्हणालो होतो? शेवट पडतो.”

कुणी हसलं नाही. मग नेहमीप्रमाणे सुरू झालं. कोणतं पुस्तक, कितवं पान. उमाशंकरनं सांगितलं, श्रीशैलनं सांगितलं. मी माझं सांगितलं.

राजेश्वरी उशिरा आली. जिना चढून दारात क्षणभर थांबली. कपाटाकडं गेली, खाली वाकली, आणि येऊन माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली. तिच्या हातात पिवळ्या कागदाचं कव्हर घातलेलं पुस्तक होतं.

“खालच्या फळीवर ठेवून गेली बिचारी,” ती म्हणाली. “राहिलेलं मी वाचते.”

तिनं पुस्तक उघडलं. टेबलावर थोडी पांढरी धूळ सांडली. ती तिनं फुंकरीनं उडवली.

राजेश्वरी अठरा वर्षं शिक्षिका आहे. तिला बोट ठेवून वाचावं लागत नाही. ती पानं उलटत गेली. एक. दोन. चार. सात.

मग एका पानावर ती थांबली. खाली ट्रक गेला, काचा किणकिणल्या. तिनं मान वर केली नाही. ते पान तिनं पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, आणि या वेळी ओळीखाली बोट ठेवलं.

गंगम्मा ११ ऑगस्ट १९९२ रोजी वारली. धुरपदाबाई ३० नोव्हेंबर २०२३ रोजी, गुरुवारी, संध्याकाळी वारली.