दोन वाट्या पेज

"त्या वाटयेक हात लावू नको!"

विमलाबाईंचा आवाज कडाडला आणि अस्मिताचा पुढे गेलेला हात जागच्या जागी थिजला. पडवीवर उकड्या तांदळाच्या पेजेच्या दोन वाट्या वाफाळत होत्या. एक विमलाबाईंपुढे आणि दुसरी भिंतीलगतच्या रिकाम्या पाटापुढे. त्या पाटावर जयराम, तिचे सासरे, बसत. ते जाऊन चौदा महिने झाले, पण विमलाबाईंनी नवऱ्याची वाटी एक दिवस चुकवली नव्हती. आणि तारकर्लीच्या त्या घरात सकाळची कामं आटोपून जरा सामसूम झाली, की अस्मिताला तो आवाज अजूनही ऐकू येई... वाटीच्या काठावर चमच्याचा. टक्, टक्, टक्. आणखी पेज हवी असली की सासरे तोंडाने मागत नसत, असा चमचा वाजवत. ती दचकून पडवीवर धावे, आणि पाट रिकामाच असे!

आज सुट्टी असल्याने ती शिकवायला शाळेत गेली नव्हती, आणि तिच्या दुसऱ्या हातात लॅबचा कागद होता. महिन्यापूर्वी खडकावरची कालवं काढताना शिंपल्याची धार लागून विमलाबाईंचा अंगठा कापला होता, आणि जखम भरायचं नाव घेत नव्हती. सासऱ्यांचंही असंच, एवढ्याशा जखमेपासून सुरू झालं होतं. आधी बोट, मग पाय, मग...

"आई, तुमची साखर दोनशे नव्वद आसा. उपाशीपोटी."

"मिया साखर खातंच नाय. चायत गूळ घालतंय."

"गूळ झालो म्हणान काय झाला? आणि ही पेज? भाताची पण पोटात जावन साखरच होता, आई."

"पेज म्हणजे आजाऱ्याचा जेवाण गो!" विमलाबाईंचे डोळे पेटले. "आता माकाय उपाशी मारतलंस? माझ्या घोवाक मारलंस तसा?"

अस्मिताने लॅबचा कागद घडी करून बाजूला ठेवला. हे शब्द तिला नवे नव्हते. तेराव्याला भरल्या घरात सासूबाईंनी हेच म्हटलं होतं, आणि तिच्या नवऱ्याने, मिहीरने, मान खाली घातली होती. त्या दिवसापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोले. त्याचं तरी काय चुकलं? सासऱ्यांचा भात एका डावावर आणणारी, कुळथाची पिठी, मासे नि भाजी वाढणारी तीच होती, आणि सासरे दिवसेंदिवस वाळत गेलेले सगळ्या गावाने पाहिले होते. साखर वाढली की माणूस खाऊनही झडतो, हे कोणाला सांगणार?

ते कसे झडले, हे मात्र तिला ठाऊक होतं. एका दुपारी ती शाळेतून अवेळी घरी आली, तेव्हा सासूबाई नवऱ्याला पेज भरवत होत्या. तिसरी वाटी, वर गुळाचा खडा... आणि डोळ्यांत केवढी माया! तोवर फार उशीर झाला होता. पाय गेला होता, मूत्रपिंडांनी हात टेकले होते. त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी तिचा हात धरला. "तिका कधी सांगू नको, चेडवा. तिका वाटता, ती माका जगवता... मी गेल्यार तर मुळीच सांगू नको. वचन दी!" आणि तिने ते दिलं होतं.

आता गप्प राहावं तर सासूबाई त्याच वाटेने जाणार. बोलावं तर, आपल्याच हातांनी नवरा घालवला, हे त्या माउलीला कसं सोसणार? परमेश्वरा, तिने करावं तरी काय!

"ही बघ," विमलाबाईंनी वाटी उचलली. "नुसती पेज. गूळ नाय, काय नाय. दोन तासांनी बोट टोच माझा. मगे बघूया कोण खरा ता."

दोन तासांनी अस्मिताने कपाटातून सासऱ्यांचं जुनं यंत्र काढलं. मिहीरही पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्या झाडून पडवीवर आला होता. रक्ताचा थेंब पट्टीवर चढला, आणि आकडा उमटला. तीनशे शहाण्णव.

विमलाबाई बघतच राहिल्या. "नुसत्या पेजेन?"

मिहीरने खात्री करायला यंत्र हातात घेतलं, बटण दाबलं, आणि जुने आकडे एकामागून एक वर येऊ लागले. बाबांचे! यंत्राने सारं जपून ठेवलंय, हे अस्मिताच्या ध्यानातच नव्हतं.

"सगळे संध्याकाळचे," मिहीर पुटपुटला. "तीनशे ऐंशी... चारशे दहा... आणि हो आकडो एकशे साठ? आठ तारीख. पंधराक एकशे पंचावन्न. बावीसाक पण कमी." तो थबकला. "दर सातव्या दिवसाक... आयतवार. अस्मिताक शाळा नसता त्या दिवशी."

"दी ता हडे!" अस्मिता पुढे झेपावली. "ता मशीनच बिघडलेला, आई! कायव दाखवी..."

विमलाबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"आयतवारी बरा होता काय गो मशीन?"

अस्मिताचे डोळे भरून वाहू लागले.

"तेंका... तेंका म्हायत होता?"

"होय. तुमका सांगूचा नाय म्हणान वचन घेतल्यांनी माझ्याकडसून."

"आणि मिया तुका भर लोकांत..." विमलाबाईंनी स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं, ज्या हातांनी पेज भरवली त्या हातांकडे, आणि ते अस्मिताच्या पायांकडे वळले. तिने ते वरच्यावर धरले, छातीशी घेतले. "नको, आई! त्या हातांनी मायाच केल्यानी!" मिहीर खांबाला टेकून लहान मुलासारखा रडत होता. "अस्मिता, चुकलंय गो मी," एवढंच तो म्हणाला, पण चौदा महिन्यांत तो तिच्याशी मनातलं पहिल्यांदाच बोलला होता.

दुपारी अस्मिताने वाढलं. एक डाव भात, पिठी, बांगडा, भाजी. विमलाबाई तेवढंच जेवल्या. पाटापुढची वाटी त्यांनी स्वतःच्या हाताने धुऊन पालथी घातली होती.

मग घर निवांत झालं. माडांत वाराही नव्हता. आणि अस्मिताला पुन्हा तो आवाज ऐकू आला... टक्, टक्, टक्.

ती धावत पडवीवर गेली. विमलाबाई रिकाम्या पाटासमोर बसल्या होत्या, कान देऊन. तिला पाहताच त्या हळूच म्हणाल्या, "तुकाय ऐकाक येता? माका रोज येता. म्हणान तर ठेवी होतंय वाटी..."

मग त्या पाटाकडे वळल्या. गालांवरून आसवं ओघळत होती, पण आवाज मात्र संसारातल्या रोजच्या बोलण्याइतका साधा होता.

"आता नाय हां. अस्मितान एकच डाव सांगल्यान हा."