चार बोटांचे ठसे

बादली, दोरी आणि चादर आणायला मी बाहेर पडले होते. परक्या देशातला माझा तिसरा दिवस. तू परवा शिकायला निघणार म्हणून हे सांगतेय, नाही तर तुझ्या आईलाही, माझ्या सख्ख्या बहिणीला, मी आजवर सांगितलेलं नाही. दिवा राहू दे, मालवू नकोस.

तिथला उकाडा असा, की दुकानातून खोलीवर येईपर्यंत कोरी चादरसुद्धा दमट व्हायची. खोली तिसऱ्या मजल्यावर. एक पलंग, एक टेबल, एक खिडकी आणि एकच किल्ली, ती माझ्याकडे. चामड्याच्या चपलांवर दोन दिवसांत हिरवी बुरशी चढली होती. मला गंमत वाटली, कारण मी बुरशीचाच अभ्यास करायला गेले होते. अभ्यास घरपोच आलाय, असं मी आईला फोनवर म्हणाले. ती हसली नाही. ‘जेवतेस ना वेळेवर? नीट राहा गं. मी अख्ख्या गल्लीला सांगून बसलेय,’ एवढंच म्हणाली.

मला शिकवणाऱ्या मॅडम कडक होत्या. नव्या मुलीची त्या दोन आठवडे परीक्षा बघायच्या. त्यात पास झालीस तर त्या पत्र देणार, पत्र मिळालं तर राहण्याचा परवाना, नाही तर गाशा गुंडाळून घरी. परीक्षा साधी होती. काचेची एक चपटी डबी, तिला आम्ही प्लेट म्हणायचो. तळाला खळीसारखा थिजलेला थर. आपल्या खोलीत तिचं झाकण पंधरा मिनिटं उघडं ठेवायचं, मग लावायचं, बस. हवेतून जे पडेल ते त्या थरावर उगवतं. दोन दिवस प्रयोगशाळेतल्या उबदार कपाटात ठेवलं की डोळ्यांना दिसतं.

‘एकच गोष्ट,’ मॅडम म्हणाल्या. ‘थराला बोट लागता कामा नये. ज्याचा हात स्वच्छ नाही, तो मला नको.’

पहिली प्लेट मी भर दुपारी उघडली आणि पंधरा मिनिटांनी बंद केली. दोन दिवसांनी ती उजेडात धरली, तर बुरशीचे चार-दोन ठिपके होते, ते असणारच. पण मधोमध पिवळट, गोल असे चार डाग होते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, मग थोडी रिकामी जागा आणि करंगळी. कुणीतरी उजवा हात टेकवला होता, आणि त्या हाताला अनामिका नव्हती.

मॅडमनी प्लेट माझ्यापुढे सरकवली. ‘बोट लावू नकोस म्हटलं होतं ना?’

आपल्याच हातून घडलं असेल, अशी मनाची समजूत घातली. पण त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. बसले की उठावंसं वाटे, उठले की बसावंसं. दिवसातून वीस वेळा हात धुवायचे. पुस्तक उघडायचं, पान तेच. खोलीत एक वास असायचा, ओलं फडकं बादलीत विसरल्यासारखा. मी बादली घासली, फरशी पुसली, चादर धुतली. वास जाईना.

दुसऱ्या वेळी मी शहाणपणा केला. प्लेट टेबलावर उघडली, खुर्ची लांब ओढली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले आणि नजर हलवली नाही. दुपारचे तीन वाजले होते, खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर पडलं होतं. पंखा बंद, वाऱ्याने काही पडायला नको म्हणून. घाम डोळ्यांत उतरत होता, तरी मी पुसला नाही.

दहा मिनिटं झाली असतील. तो ओला वास एकदम जवळ आला...

आणि थरावर एक खळगा पडला.

अंगठ्याएवढा. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा. मग जरा थांबून, जागा सोडून, चौथा. अगदी सावकाश, कणीक मळून झाली का बघावं तसे. टेबलापाशी कुणी नव्हतं. ऊन होतं तसंच होतं.

झाकण कसं लावलं, आठवत नाही. जिना उतरून रस्त्यावर आले आणि अंधार पडेपर्यंत नुसती चालत राहिले. पळून जावंसं वाटत होतं, पण जाणार कुठे? परत गेले तर आईला गल्लीत तोंड वर करून चालता आलं नसतं. आणि खरं सांगू, मला स्वतःलाच परत जायचं नव्हतं. एवढं शिकायला मिळणार होतं!

दुसरी प्लेटही तशीच उगवली. तेच चार डाग. या वेळी मात्र मी धीर केला. ‘मॅडम, हा हात माझा नाही. मला पाच बोटं आहेत.’

त्यांनी प्लेटकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. ‘ठीक आहे. आज आणखी एक प्लेट ने. शेवटची. उद्या आणलीस की माझ्यासमोर दुसऱ्या एका प्लेटवर तुझी बोटं टेकव. दोन्ही शेजारी ठेवून बघू.’

त्या दुपारी मी टेबलाशी उभीच राहिले. झाकण उघडलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, ‘बाई गं... कोण असशील ती. ही एवढी प्लेट सोड. माझं सगळं हिच्यावर आहे. दुसरं काय हवं ते घे.’

आपण काय बोललो, हे तेव्हा कळलंच नाही बघ. घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला कुठे कुलूप असतं?

थरावर काही उमटलं नाही. पंधरा मिनिटं पुरी होता होता माझ्या उजव्या हाताला गार, ओलसर काहीतरी लागलं आणि सुटलं. तेवढंच. खोलीतला वासही गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला चांगली झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर मी कोऱ्या प्लेटवर पाचही बोटं टेकवली. त्या वाकून बघत होत्या. दोन दिवसांनी त्यांनी दोन्ही प्लेटा काढल्या. खोलीतली अगदी हवी तशी, नुसते ठिपके. माझ्या हाताच्या प्लेटवर चार डाग होते. अनामिकेची जागा रिकामी.

‘तू पाचही टेकवली होतीस ना?’ मॅडमचा आवाज खाली आला होता.

‘तुम्ही बघत होतात.’

‘हो...’ त्यांनी ती प्लेट कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि पत्रावर सही केली. मला आनंद व्हायला हवा होता. मी सारखी बोटं मोजत होते. पाच. पुन्हा पाच.

पत्र घेऊन मी परवान्याच्या कचेरीत गेले. तिथे यंत्राच्या काचेवर एकेक बोट ठेवायचं, दिवा हिरवा झाला की पुढचं. अंगठा झाला, तर्जनी झाली, मधलं झालं.

‘पुढचं बोट ठेवा,’ कारकून म्हणाला.

‘ठेवलंय.’

‘ठेवा हो.’

मी इतकं दाबलं होतं, की नख पांढरं पडलं होतं. त्याने काच पुसली, स्वतःचं बोट ठेवून पाहिलं, दिवा हिरवा झाला. मग माझं. काही नाही. त्याने चष्मा वर सरकवून माझ्या अर्जावरचा पत्ता वाचला. मग पुन्हा काच पुसली नाही. खणातून एक रबरी शिक्का काढला आणि त्या चौकटीत उमटवला : ‘बोट नाही.’

‘अहो, हे काय! हे बघा ना बोट...’

त्याने हाताकडे बघायचं टाळलं. ‘दरवर्षी यावं लागतं. पुढच्या वर्षी दहाही बोटं पुन्हा तपासू.’

‘मी... मी आजच खोली बदलते.’

‘बदला,’ तो म्हणाला. ‘बाकीच्यांनीही बदलली होती.’ आणि त्याने रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.