निवर्तलेल्या काकांची ओली खळ

शनिवारी भर दुपारी ग्रंथालयाची पुस्तकं शिवणारे दिवंगत बांधणीकाका ग्रंथालयात आले आणि दोन पेले पाणी प्यायले. असं काही घडलंच नाही, असं सचिवसाहेबांचं म्हणणं आहे. मोठ्यांचा मान राखून आपणही ते विसरू आणि बुधवार सकाळपासून सुरुवात करू.

बुधवारी शंकीच्या हातात नव्याने शिवलेलं पुस्तक होतं.

"लांब्या, वास घे!"

"पुस्तक वाचतात गं. हुंगत नाहीत," तिचा भाऊ म्हणाला.

"खळ अजून ओली आहे! आणि शिवण काकांचीच. शेवटी दोन गाठी!"

लांब्याने ग्रंथालयाच्या फलकाकडे पाहिलं. त्यावर दहा दिवसांपासून सुबक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'आपले बांधणीकाका निवर्तले.' शोकसभाही झाली होती.

"म्हणजे वारलेला माणूस पुस्तकं शिवतोय?"

"भूत असेल तर बरंच," धाकटी चुलतबहीण चिमणी म्हणाली. "खळीचे हात कडीला चिकटतील. पळता येणार नाही."

गुरुवारी पहाटे तिघंही ग्रंथालयासमोर विजेच्या एकाच खांबामागे लपली. लांब्या तेवढा मावला. भूत खोकत आलं, परतीच्या पेटीत दोन पुस्तकं टाकून पुलापलीकडच्या एका खोलीत शिरलं. पाठोपाठ ही तिघं!

"काका, तुम्ही मेलात का?" चिमणीने विचारलं.

"अजून तरी नाही गं. पण रविवारी बहिणीकडे चाललोय. कायमचा."

ट्रंक भरून तयार होती. टेबलावर उसवलेली तीन पुस्तकं होती.

"एकतीस वर्षं काम केलं," काका सुईत दोरा ओवत म्हणाले. "निवृत्त झालो, तर निरोपाला बोलावणं नाही. एक माणूस दारात फिरकला नाही. एवढी तीन कबूल केली होती, ती देतो आणि सुटतो."

दोरा तीनदा चुकला. शंकीने तो ओवून दिला.

"आम्हीपण नाही आलो, काका. तुमच्यासाठी रडलो, पण आपापल्या घरी बसून."

"रडलात? कशाला?"

"निवृत्त!" लांब्या एकदम ओरडला. "फलकावर निवर्तले लिहिलंय!"

तिघांनी धावत ग्रंथालय गाठलं. सचिवसाहेब मात्र शांत होते.

"फलकावर जागा कमी. 'निवृत्त झाले' हे दोन शब्द. मी एकच भारदस्त शब्द घातला."

"अहो, त्याचा अर्थ वारले!"

"असं? तरीच सभेत सगळे रडत होते. मला वाटलं निरोप समारंभ आहे. काका आले नाहीत म्हणून रागही आला होता."

"मग पुसा ना आता!"

"इतिवृत्त मंजूर झालंय! दुरुस्तीसाठी संबंधित इसमाने शनिवारी बाराला जातीने हजर राहावं."

"लेखी द्या," शंकी गरीब चेहऱ्याने म्हणाली.

साहेबांनी दिलं, शिक्क्यासह. पाचव्या मिनिटाला तो कागद फलकावर होता: 'बांधणीकाकांनी शनिवारी बाराला जातीने हजर राहावे. आदेशावरून.'

शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती! काका दारातच थबकले. सभासदांपैकी डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. "मला वाटलं, बाकीचे तुमच्या घरी जाऊन आले असतील," त्या म्हणाल्या. सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. मग काकांना शोकसभेचं इतिवृत्त वाचून दाखवलं. काकांनी दोनदा थांबवून कौतुकाचं एकच वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"चला रे," शेवटी ते म्हणाले, "ट्रंक रिकामी करायला मदत लागेल."

"आम्ही मोठ्यांनी दहा दिवसांत दार ठोठावलं नाही," डॉक्टरीणबाई मुलांना म्हणाल्या. "शाबास रे पोरांनो!"

दुरुस्तीच्या अर्जाखाली शंकीने आणखी एक कलम जोडलं. समितीने ते विचाराधीन ठेवलं आहे:

'यापुढे प्रत्येक सभासदाची शोकसभा त्याच्या हयातीतच घेण्यात यावी, आणि सर्व काही नीट ऐकू यावे म्हणून संबंधित इसमास पहिल्या रांगेत बसवावे, ही नम्र विनंती.'