ह्यांची कांडी

"अगं, चहा फक्कड झालाय," यजमान म्हणाले आणि शालनताई वळून त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

कानामागे सवयकांडी लागल्यापासून या माणसाने चहाला फक्त नावं ठेवली होती. साखर कमी, आलं जास्त, कप टवका उडालेला. त्याआधी ते काय म्हणत, हे शालनताईंना आता धड आठवतही नव्हतं. म्हातारपणी माणूस तुसडा व्हायचाच, अशी त्यांनी समजूत घालून घेतली होती. पुढेपुढे तर ती कुरकुर त्यांना आवडायलाच लागली. घरात भांडायला हक्काचं माणूस होतं.

"बस जरा. गुडघे कसे आहेत तुझे?"

हे मात्र अती झालं. हे आपले 'हे' नव्हेतच.

सांगलीत एव्हाना सत्तरीपुढच्या बहुतेक कानांमागे बोटाच्या पेराएवढी सवयकांडी दिसू लागली होती. या वयातल्या एका प्रकारच्या विस्मरणात चेहरे, नावं, घर टिकतं. जातात त्या आवडीनिवडी, रागलोभ, बोलायची ढब. माणूस ओळख देतो आणि नुसता बसून राहतो. म्हणून त्या सवयी वेळीच कांडीत उतरवून ठेवायच्या. आत कोट्यवधी सूक्ष्म खळगे, त्यांत कोंडलेले विजेचे कण. भरलेला खळगा आणि रिकामा खळगा, एवढ्या दोनच अक्षरांत अख्खा स्वभाव लिहिलेला. कण हळूहळू निसटतात, म्हणून अधूनमधून कांडी केंद्रावर नेऊन ताजी करायची.

काल शालनताई आणि समोरच्या मालतीबाई जोडीने गेल्या होत्या. कांड्यांवरची लेबलं पार पुसली होती, म्हणून यंत्राने नवी छापताना विचारलं, "कांडी कोणाची?" शालनताई म्हणाल्या, "ह्यांची." मालतीबाईही म्हणाल्या, "ह्यांची." यंत्राने इमानेइतबारे दोन्हींवर छापलं, ह्यांची.

दुपारी यजमानांचा डोळा लागताच शालनताईंनी कांडी काढून घेतली आणि रिक्षाने केंद्र गाठलं.

"अदलाबदल झालीय, डॉक्टर. माझा माणूस मला परत द्या. हा भलताच गोड आहे."

डॉक्टर इरा सामंतांनी हसू दाबलं. "सोपं आहे. लेबल काही म्हणो, धारकाचं नाव आतल्या खळग्यांत असतं. तुम्ही यजमानांचं नाव मोठ्याने घ्या. जुळलं तर हिरवा दिवा, नाहीतर लाल."

"नाव? लग्नात घेतलं होतं तेवढंच."

"मग काय करायचं?"

"उखाण्यात घेतलं तर चालेल का तुमच्या यंत्राला?"

"पळेल."

शालनताईंनी पदर सारखा केला. "कृष्णाकाठी भरला हळदीचा बाजार, दिगंबररावांचं नाव घेते, टळो कांडीचा आजार."

हिरवा दिवा लागला.

"यंत्र बिघडलंय," शालनताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी दुसरं यंत्र लावलं. तेही हिरवं. मग त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. "ताई, याआधी कधी दोघी बरोबर आला होतात?"

"एकदाच. कांड्या पहिल्यांदा घरी न्यायला."

"मग घोळ त्याच दिवशी झाला असणार. काल कांड्या पुन्हा बदलल्या आणि तो आपोआप निस्तरला. हेच तुमचे दिगंबरराव."

"आणि इतके दिवस मी भांडत होते ते?"

"मालतीबाईंचे यजमान. म्हणजे त्यांचा स्वभाव."

"कळलं कसं नाही मला?"

"ते तुम्हाला काय म्हणायचे?"

"अगं."

"आणि तुम्ही?"

"अहो," शालनताई म्हणाल्या.

संध्याकाळी दिगंबररावांनी कांडी लावून घेतली, चहाचा घोट घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "वा." शालनताईंना आता सगळं आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या चहालाही हाच 'वा' होता. त्यांना भरून आलं. आपला माणूस परत आला होता.

तेवढ्यात समोरच्या दारातून मालतीबाईंच्या यजमानांचा आवाज आला, "अगं, या घरात साखर आहे की संपली?"

शालनताईंचा हात साखरेच्या डब्याकडे गेला.

"आले हो," त्या म्हणाल्या आणि डबा घेऊन समोरच्या दाराकडे निघाल्या.