तांब्याची पट्टी

फौजदाराला पहिली नात झाली त्या वर्षीची ही गोष्ट. पोर दवाखान्यातून घरी आली, त्याने तिला मांडीवर घेतलं, आणि फोन वाजला. एका गच्चीवर माणूस मेला होता.

मेलेला घड्याळजी होता. खाली त्याचं दुकान, वर घर, त्यावर गच्ची. तो पालथा पडला होता. डोक्याची मागची बाजू आत गेली होती; केस, रक्त आणि हाड यांचा चिखल झाला होता. मानेशी तुटक्या पात्यांचं ड्रोन पडलं होतं.

ते त्याने हौसेने स्वतः जोडलेलं. फौजदाराने उचलून पाहिलं. पाठीवर वाकलेली काडी, तिच्या टोकाला जीपीएसची चकती. पोटाशी कॅमेरा, नुसतं भिंग उघडं ठेवून सगळा तांब्याच्या पट्टीत गुंडाळलेला.

जिन्यात घड्याळजीची बहीण बसली होती. तिचा एक डोळा सुजून मिटला होता.

“डोळ्याला काय झालं?”

“पडली,” तिच्या नवऱ्याने उत्तर दिलं. तो सुतार. दोन्ही तळहातांना फडकी बांधलेली. “घरी न्यायला आलो हिला, तर हे असं.”

घड्याळजीची मुलगी पुढे आली. “मी मारलं बाबांना.”

“गप गं!” सुतार मध्येच म्हणाला. “साहेब, पोरीला बोलू नका. तिला काय ठाऊक, असं होईल म्हणून?”

“कसं मारलंस, बाळ?”

“बाबा वर रिमोटने ड्रोन उडवत होते. मी दुकानात बसून फोनवरून कॅमेरा सुरू केला. तो सुरू झाला की त्याच्यातून गोंगाट निघतो. रेडिओजवळ मिक्सर लावला की खरखर येते ना, तसा. उपग्रहांचा आवाज आधीच बारीक, तो जीपीएसला ऐकूच येत नाही. मग ड्रोन भरकटतं. गेल्या आठवड्यात आत्या-आतोबांच्या गच्चीवर गेलं होतं.” ती अडखळली. “म्हणून बाबांनी जीपीएस काडीवर चढवला. काल रात्री गोंगाट अडवायला कॅमेऱ्याला पट्टी गुंडाळली. आज पहिलीच चाचणी. पट्टी चालली नाही.”

फौजदार सुताराकडे वळला. “तुम्ही कुठे होता?”

“जिन्याच्या दारात. डोळ्यांसमोर झालं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि ते पिसाळलं. सरळ डोक्यात. मी ओढून काढलं, हात फाटले.”

“सुतार माणूस आणि हात कापून घेतले?”

“मेहुणा मरत होता, साहेब. हातमोजे शोधत बसू?”

फौजदार मुलीशेजारी उकिडवा बसला. “फोनवर काय दिसत होतं?”

“समोरच्या कारखान्याचं धुराडं.”

“हलत होतं?”

“नाही. भिंतीवरच्या तसबिरीसारखं. मग वर धप्प झालं. परत धप्प. मग धुराडं गरगरलं आणि अंधार.”

“आधी धप्प की आधी गरगर?”

मुलगी रडायची थांबली. “आधी धप्प.”

“भेदरलेल्या पोरीचं काय ऐकता!” सुतार ओरडला.

“बरोबर. यंत्रालाच विचारू.” फौजदाराने ड्रोन उघड्या आकाशाखाली ठेवलं. बॅटरी अजून जिवंत होती. थोड्या वेळाने फोनवर उपग्रहांचा आकडा स्थिरावला. “आता कॅमेरा लाव.”

मुलीने लावला. आकडा ढळला नाही.

“पट्टी चालते, बाळ. तुझ्या बाबांचं काम चोख होतं.” मग त्याने सुताराला बोलावलं. “लाल दिवा दाखवा बरं.”

सुताराने वाकून पाहिलं. दिवा कुठेच नव्हता. फौजदाराने नखाने पट्टी सोलली. खाली दिवा लाल पेटलेला होता.

“आज हा दिवा कुणालाच दिसला नसता. तुम्ही पाहिलात तो गेल्या आठवड्यात, तुमच्याच गच्चीवर. ड्रोन भरकटत तिथे आलं तेव्हा तुम्ही काय करत होता?”

उत्तर मुलीने दिलं. “आत्याला केसांनी धरून कठड्यावर आपटत होते. बाबांनी आणि मी फोनवर पाहिलं. बाबा त्याच दिवशी तिला घेऊन आले.”

“आणि आज हे तिला मारत, ओढून न्यायला आले. घड्याळजी आडवा आला. त्याने पाठ फिरवली तेव्हा यांनी हातोडा घातला, दोनदा. रिमोट पडला, पण ड्रोन हललं नाही. जीपीएस ठणठणीत, ते मेलेल्या मालकावर तसंच तरंगत राहिलं. ते पडायलाच हवं होतं, म्हणून यांनी फिरत्या पात्यांत हात घालून ते खाली ओढलं आणि आपटलं. जुनी खोड यांना माहीत होती. ती कालच गेली, हे माहीत नव्हतं.”

“हातोडा कुठाय? दाखवा की!”

“गच्चीवरच्या टाकीत,” जिन्यातून आवाज आला. बहीण उभी राहिली होती. “पाण्यात काहीतरी जड पडलेलं मी ऐकलं.”

सुताराने तिच्या गळ्यावर झेप घेतली. फौजदाराने त्याचं मनगट पिरगाळून त्याला जमिनीवर दाबलं. फडक्यातून रक्त ठिबकलं.

टाकीत हातोडा सापडला. घड्याळजीच्या कवटीवरच्या खाचेत त्याचं तोंड नेमकं बसलं.

घड्याळजी मंगळवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी मेला. बहिणीच्या नवऱ्याने त्याला मारलं. ड्रोनने नाही, मुलीने नाही.