रंगाखालची अक्षरं

“एकही फळी किडलेली नाही! ठणठणीत!” ट्रकच्या हौद्यातून मामाचा आवाज आला.

मामा सुतार. जुना ट्रक घ्यायचा म्हणून त्यानं हौद्याची एकेक फळी ठोकून पाहिली, फटीत नख घातलं, वाकून लाकडाचा वाससुद्धा घेतला. इंजिन एका ओळखीच्या मेकॅनिकनं तपासलं होतं. कागद मात्र कोणीच तपासले नव्हते. कागद लाकडापासून बनतो, एवढाच मामाचा कागदाशी संबंध होता.

आठ वर्षं तो भाड्याच्या टेम्पोनं कपाटं पोचवत होता. टेम्पोवाला उशिरा यायचा, कपाटांचे कोपरे फोडायचा आणि वर भाडं वाढवून मागायचा. म्हणून मामानं पै-पै साठवली होती. आज चार वाजता ती सगळी विटावाल्याच्या हातात जाणार होती. विटा विकणारा हा माणूस गोड बोलायचा. सकाळी ट्रक अंगणात लावून, कागदाची एक झेरॉक्स देऊन तो गेला होता.

“मूळ कागद कुठेत?” मामाच्या मुलानं तेव्हा विचारलं होतं. त्याला सगळे वकील म्हणत, कारण ‘जेवायला चल’ म्हटलं तरी तो ‘का?’ विचारायचा.

“कपाटात आहेत. किल्ली बायकोकडे. बायको माहेरी!”

“माहेर किती लांब आहे?”

“गप रे!” मामा ओरडला होता. “मोठ्या माणसांना उलट विचारतोस?”

आता दुपारी वकील आणि सुट्टीला आलेली दोन आतेभावंडं ट्रक धूत होती. त्यातली मोठी होती ती छापखाना. दिसेल त्या वस्तूवर कागद ठेवायचा, वरून पेन्सिल घासायची आणि उमटलेला छाप वहीत चिकटवायचा, हा तिचा उद्योग. नाणी, कुलपं, गटाराची झाकणं, काही म्हणून सुटत नव्हतं. मामाच्या कानावरची जाड लाल पेन्सिल तिला फार हवी होती, पण त्या पेन्सिलीला हात लावायची मामीचीही छाती नव्हती. छापखान्याचा धाकटा भाऊ भोंगा. त्याला हे नाव का पडलं, ते तो बोलला की कळायचं.

“ट्रकचाही छाप घेऊ या!” म्हणत छापखान्यानं दाराच्या मुठीवर कागद धरला आणि पेन्सिल घासली. मुठीचा छाप आला. त्याच्या खालीही काहीतरी आलं.

“अरे, इथे अक्षरं आहेत!”

दार तर कोरं निळं होतं. ती कागद सरकवत, घासत गेली. पहिला शब्द पुसट आला, पण पुढचं स्वच्छ उमटलं. ‘पतपेढीकडे तारण’.

“तारण म्हणजे?” भोंग्यानं विचारलं.

“म्हणजे ट्रकवर कर्ज आहे,” वकील म्हणाला. “ते थकलं, तर पतपेढी ट्रक ओढून नेणार. कोणाच्याही दारातून!”

“आपल्याही?”

“आता आपल्याच!”

तिघं मामाकडे धावली. मामा सरस लावत होता. त्यानं वर पाहिलंच नाही. “जुनं काहीतरी असेल. फिटलं असेल कधीच. जा, टायर धुवा!”

“फिटलंही असेल म्हणा,” बाहेर आल्यावर वकील म्हणाला.

“असेल आणि आहे यात फरक असतो, वकीलसाहेब! काढ सायकल!” छापखाना म्हणाली. “भोंग्या, आम्ही येईपर्यंत पैसे द्यायचे नाहीत!”

“मी कसं थांबवू?”

“तुझ्या नावाला जाग!”

गावात पतपेढी एकच, चपलांच्या दुकानावरच्या माडीवर. खिडकीतल्या बाईंनी छाप पाहिला आणि चष्मा काढला. “दुसऱ्याच्या कर्जाबद्दल मी बोलत नसते.”

“नका बोलू,” झेरॉक्सवरचा नंबर दाखवत वकील म्हणाला. “पण या नंबरचा ट्रक माझे बाबा आज चार वाजता रोख पैसे देऊन विकत घेतायत. घेऊ द्यायचा?”

बाईंनी एक वही उघडली, मिटली आणि घड्याळाकडे पाहिलं.

“बाबांना सांग, पैसे द्यायचे तर याच खिडकीसमोर द्या. आणि काय रे, चालत आलात का?”

“सायकलवर!”

“मग जोरात हाणा!”

विटावाला दहा मिनिटं आधीच आला होता. मामानं डब्यातून पैशांचं पुडकं काढलं, आणि त्याच क्षणी ट्रकचा हॉर्न वाजू लागला. भोंगा आतून दार लावून हॉर्नवर चक्क बसला होता!

“खाली उतर, कार्ट्या!” मामा ओरडला.

“ऐकू येत नाही!” भोंगा आतून ओरडला. त्याला खरंच येत नव्हतं. विटावाला कानांवर हात ठेवून काहीतरी बोलत होता. ते कोणालाच ऐकू आलं नाही, आणि हात कानांवर असल्यामुळे त्याला पैसेही घेता आले नाहीत.

सायकल अंगणात येऊन आदळली. “मामा, एकदाच हात फिरव! फक्त दारावर!” छापखाना धापा टाकत म्हणाली.

मामानं रागारागानं दारावर तळवा फिरवला. हात मध्येच अक्षरांवर थांबला. परत फिरला. तीस वर्षं रंधा मारलेला हात तो.

“घासलंच नाही!” मामा गरजला. “जुन्या रंगावर नवा फासलाय! पॉलिशपेपरचा एक तुकडा नाही मिळाला तुम्हाला?”

“मिस्त्री, अहो, घाई होती...”

“आणि हे तारण?”

विटावाला घाम पुसू लागला. “मी फेडणारच होतो! तुमच्याच पैशातून!”

“मग माझ्यासमोरच फेडा!” पुडकं खिशात कोंबत मामा म्हणाला. “चला, बसा ट्रकमध्ये!”

बाईंनी खिडकी उघडीच ठेवली होती. राहिलेलं सगळं कर्ज आणि व्याज परस्पर पतपेढीत जमा झालं, उरलेले पैसे विटावाल्याला मिळाले. ते अपेक्षेपेक्षा बरेच कमी दिसत होते. मूळ कागद पतपेढीच्याच कपाटात निघाले. कर्ज फिटल्याचं शिक्का मारलेलं पत्र त्यांना जोडून बाईंनी ते सगळं मामाच्या हातात ठेवलं.

“हुशार पोरं आहेत तुमची,” त्या म्हणाल्या. “नाहीतर ट्रक न्यायला आमचीच माणसं तुमच्या दारात आली असती.”

मामानं कागद नीट घडी करून खिशात ठेवले. घरी येऊन त्यानं पॉलिशपेपर घेतला आणि जुनी अक्षरं नाहीशी होईपर्यंत दार घासलं. मामी म्हणाली, “आठ वर्षांची कमाई पोरांनी वाचवली. काही बोलाल की नाही?”

मामानं कानावरची लाल पेन्सिल काढली. छापखान्यापुढे धरली.

“फळ्या मी ठोकल्या,” तो म्हणाला. “घासायला हवं होतं ते तू घासलंस. घे.”

“आणि मला?” भोंग्यानं विचारलं.

हॉर्नमुळे मामाला अजूनही एका कानानं कमी ऐकू येत होतं. “काय म्हणालास?” त्यानं विचारलं.