हाताएवढी खिडकी

काळ आणि अंतर ही माणसाची बंधनं आहेत. या दोन्हींच्या पलीकडे एक शक्ती आहे. तिला पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही. सात समुद्र ओलांडून ती वाटेल तिथे प्रकट होते, आणि गेल्या डिसेंबरात एका सकाळी ती बेंगळुरूच्या जे. पी. नगरात उतरली.

तिथे पार्किंगला जागा मिळत नाही, म्हणून ती आधीच उभ्या असलेल्या गाडीवर उतरली.

हसू नका. घटना खरी आहे. जिच्यावर उतरली ती गाडी रघुनंदनरावांची. त्यांनी सगळी हयात एका सरकारी कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकण्यात घालवली आणि एकाही तक्रारीवर विश्वास ठेवला नाही. अशा माणसाला भास होत नसतात.

त्यांचं घराणं बेंगळुरूत इतकं जुनं की घरात मराठी बोलतात, भांडण मात्र कन्नडमध्ये करतात. घरात दोघंच. ते आणि वसुमतीबाई. एकुलती एक मुलगी निवेदिता कॅनडात, एडमंटनला. तिथे एका इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी.

आपली सकाळ आधी होते. तिची सकाळ होते तेव्हा आपल्याकडे दिवेलागण.

एवढं लक्षात ठेवा.

रोज सकाळी रघुनंदनराव बादली आणि फडकं घेऊन फाटकाबाहेर जायचे आणि गाडी पुसायचे. गाडी फारशी कुठे जात नसे, पण पुसली जायची रोज.

त्या दिवशी बाहेर आले, आणि थबकले.

गाडीची पुढची काच पांढरी होती.

आधी वाटलं, समोरच्या बांधकामाची धूळ. त्यांनी बोट लावलं.

बोट चिकटलं...

बर्फ.

आता बेंगळुरूची थंडी म्हणजे काय, तर पंधरा अंशांवर पारा आला की लोक माकडटोपी घालून दूध आणायला जातात. बर्फ इथे फक्त उसाच्या रसात असतो. आणि हा होता फक्त पुढच्या काचेवर. बाजूच्या काचा कोरड्या. शेजारच्या प्राणेशची गाडी कोरडी.

आणखी एक गोष्ट. गाडीखाली रोज झोपणारा गल्लीतला कुत्रा तिथे नव्हता. तो चार घरं पलीकडे उभा होता. गाडीकडे बघत.

भुंकत नव्हता.

झाडावर एकही कावळा नव्हता.

रघुनंदनराव आत जाऊन बायकोला घेऊन आले. तोवर ऊन आलं होतं आणि काच नुसती ओली होती.

"दव पडलंय," वसुमतीबाई म्हणाल्या. "दव बघायला मला गॅसवरून उठवलंत?"

संध्याकाळी निवेदिताचा फोन आला. कामावर पोचली की ती रोज फोन करायची. बोलता बोलता म्हणाली, "अण्णा, आज गाडीची काच भलतीच गोठली. खरवडता खरवडता हात गेले माझे."

रघुनंदनराव उठून खिडकीतून गाडीकडे बघून आले.

दुसऱ्या सकाळी पुन्हा बर्फ. यावेळी त्यांनी बेंगळुरूतला कुठलाही शहाणा माणूस करील तेच केलं. आंघोळीसाठी काढलेलं कडकडीत पाणी, बादलीभर, काचेवर ओतलं.

टक्...

डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून एक चीर निघाली. सावकाश. कुणीतरी नखाने ओढावी तशी. उजव्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली.

प्राणेश दात घासत फाटकाशी उभा होता. मूळचा बेळगावचा, कॉम्प्युटरवाला.

"काय केलासा काका? थंड काचेवर गरम पाणी ओततात व्हय?"

"थंड का झाली ते विचार की आधी."

"एसी चालू ऱ्हायला असंल बघा," प्राणेश म्हणाला आणि चूळ भरायला आत गेला.

संध्याकाळी फोन वाजला.

"अण्णा, आज काय झालं माहितीये? मी गाडीसमोर उभी, स्क्रेपर हातात. अजून काचेला लावलापण नव्हता. आणि टक् करून काच तडकली."



"डावीकडून?" रघुनंदनरावांनी विचारलं. "खालच्या कोपऱ्यातून?"



"तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी सांगितलं नाही. फक्त विचारलं, बर्फ काढायची रीत काय. तिला वाटलं, अण्णांना काळजी वाटतेय, म्हणून तिने नीट समजावलं. गरम पाणी कधी नाही, काच तडकते. गाडी उघड्यावर उभी करून इंजिन सुरू करायचं, बंद गॅरेजात नाही, धुराने माणूस गुदमरतो. काचेवर आतून गरम हवा सोडायची. वायपर चिकटलेले असतात, ते ओढायचे नाहीत. मग प्लास्टिकच्या स्क्रेपरने खरवडायचं, वरून खाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"रोज एवढं करतेस?"

"छे. उशीर झाला की समोर हाताएवढी खिडकी खरवडते आणि निघते. बाकी वाटेत वितळतं."

"हाताएवढी?"

"सगळेच करतात अण्णा. टेन्शन नको."

त्या संध्याकाळी रघुनंदनराव बराच वेळ पायरीवर बसून होते. इथे सकाळी जे होतं, ते तिथे तिच्या सकाळी होतं. चीर त्यांनी पाडली होती. निवेदिता गाडीत बसलेली असती तर?

काच बदलून आणली. दुसऱ्या दिवसापासून ते दिवस उजाडायच्या आत उठू लागले. इंजिन सुरू, गरम हवा सुरू. जे. पी. नगरात हीटर लावून बसलेला तो एकमेव माणूस असावा. मग खरवडणं. पहिल्या दिवशी त्यांनी डोशाचं उलथनं घेतलं, पण लोखंडाने काचेवर ओरखडे उठतील म्हणून ठेवून दिलं. शेवटी सांबार पावडरीच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण घेतलं.

खर्र... खर्र... खर्र...

या कडेपासून त्या कडेपर्यंत. एक बोटभरही जागा सोडायची नाही.

"अहो, झाकण," वसुमतीबाई रोज म्हणायच्या. "पावडर सादळते."

"स्वल्प थांब."

"डिसेंबरभर स्वल्प?"

संध्याकाळी निवेदिता सांगायची, अण्णा, आजकाल बर्फ काय हलका येतोय, हात लावला की सुटतो. मग रघुनंदनराव पहाटेचा गजर लावून निवांत झोपायचे.

मग ती सकाळ आली.

ते अजून अंथरुणातच होते. बाहेरून आवाज आला.

खर्र...

वसुमती असेल, त्यांना वाटलं. झाकण परत न्यायला गेली आणि चुकून पुण्य पदरात पाडून घेतेय.

तेवढ्यात स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला.

वसुमतीबाई चटणी वाटत होत्या.

मिक्सर थांबला. बाहेर पुन्हा...

खर्र... खर्र...

ते उठले. भिंतीवरच्या खिळ्याला गाडीची किल्ली होती. ओट्यावर झाकण होतं. ते घेऊन बाहेर आले.

आवाज थांबला.

गल्लीत कुणी नव्हतं. दूधवाला नाही, पेपरवाला नाही. कुत्रा पार कोपऱ्यावर, शेपूट पायात.

काच पांढरी फटक होती. आणि चालकाच्या बाजूला, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, एक जागा स्वच्छ होती.

हाताएवढी.

बर्फाचा खरवडलेला चुरा बॉनेटवर पडायला हवा. बॉनेट कोरडं होतं. त्यांनी बाजूच्या काचेतून बघितलं. सीट रिकामी होती, पण चुरा आत होता. स्टीअरिंगखाली, सीटच्या पुढे.

कुणीतरी आतून खरवडलं होतं.

चारही दरवाजे बंद.

रघुनंदनरावांनी त्या खिडकीतून आत डोकावू नये असं आपल्याला वाटतं. त्यांनाही तसंच वाटत होतं. पण ते वाकले. त्या हाताएवढ्या जागेला डोळा लावला.

चालकाच्या जागी कुणीतरी बसलं होतं.

डोकं स्टीअरिंगवर टेकलेलं. चेहरा दिसत नव्हता. डोक्यावर लाल लोकरीची टोपी. वसुमतीबाईंनी विणलेली, एका कानावरचा टाका चुकलेली.

आणि कुठून तरी, फार लांबून, हॉर्न ऐकू येत होता. दाबून धरलेला...

थांबतच नव्हता.

त्यांनी झाकण काचेवर घातलं आणि वेड्यासारखं खरवडत सुटले. बोटं सोलली. या कडेपासून त्या कडेपर्यंत काच मोकळी झाली, तेव्हा त्यांनी पुन्हा बघितलं.

सीट रिकामी होती.

हॉर्न थांबला होता.

घरात येऊन त्यांनी फोन लावला. तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. ती घरीच होती, जेवण गरम करत.

"निवे, उद्या गाडी काढू नकोस."

"का?"

"काढू नकोस. बसने जा."

"अण्णा, बस दोनदा बदलावी लागते. सकाळची शिफ्ट आहे, आणि बाहेर किती थंडी आहे तुम्हाला माहिती नाही."

"मला माहिती आहे," रघुनंदनराव म्हणाले.

मग त्यांनी सांगून टाकलं. बर्फ, चीर, खिडकी. ती आधी हसली. आई जागी आहे का, तुमचं बीपी बघा म्हणाली. मग ते टोपीपर्यंत आले.

ती हसायची थांबली.

"ती टोपी मी आत्ता पेटीतून काढली," निवेदिता हळू आवाजात म्हणाली. "उद्या घालायला. कुणालाच सांगितलं नव्हतं."

वसुमतीबाई चटणीच्या हातानेच आल्या. त्यांनी फोन ओढून घेतला.

"हे बघ, तुझ्या अण्णांचं डोकं फिरलंय. ते मी बघते. पण उद्या गाडीला हात लावलास तर माझ्याशी बोलू नकोस. सरी? कळलं ना?"

"सरी, आई."

तो दिवस सरता सरेना. दोघं जेवली नाहीत. वसुमतीबाई लसूण सोलत बसल्या. त्यांच्याकडे लसूण फक्त आजारपणात खातात.

दिवेलागण झाली. फोन वाजायची वेळ झाली.

वाजला नाही...

समोरच्या घरातली आरती संपली. रस्त्यावरचे दिवे लागले. रघुनंदनराव फोनकडे बघत होते, वसुमतीबाई त्यांच्याकडे.

मग वाजला.

"पोचले," निवेदिता म्हणाली. "बसने. उशीर झाला थोडा."

वसुमतीबाईंनी पदराने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिल्या.

"अण्णा..." मुलीचा आवाज बरोबर नव्हता. "बस स्टॉपवर जाताना गाडीजवळून गेले. हात नाही लावला, खरंच. काच सगळी गोठलेली. फक्त माझ्या बाजूला..."

"हाताएवढी?"

"हो. चुरा आत पडलेला. किल्ली माझ्या पर्समध्ये होती."

वसुमतीबाई फोनजवळ सरकल्या.

"आणि टोपी सापडत नाहीये. दाराशी काढून ठेवली होती."

रघुनंदनराव बॅटरी घेऊन बाहेर गेले. वसुमतीबाई मागोमाग. त्यांनी गाडी उघडली. चालकाची सीट ओली होती, कुणी तरी बराच वेळ बसून गेल्यासारखी. सीटच्या फटीत काहीतरी अडकलं होतं.

लाल लोकरीचा एक धागा.

वसुमतीबाईंनी तो चिमटीत धरला, उजेडात बघितला.  आत जाऊन शिवणाच्या डब्यात ठेवून दिला.

ते कोण होतं, कशासाठी आलं होतं, कुणाला नेणार होतं, हे कुणाला कळलेलं नाही. निवेदिता आता बसनेच जाते. गाडी तिने विकायला काढली आहे, पण गिऱ्हाईक येतं, चालकाच्या जागेवर बसतं आणि विचार करून सांगतो म्हणतं.

आणि बर्फ या डिसेंबरातही पडतो.

तिची गाडी नुसती उभी असते, तरी रघुनंदनराव रोज सकाळी काच खरवडतात. एक दिवस चुकवायची त्यांची छाती होत नाही. कुत्रा परत आलेला नाही. कधी कधी ते हात थांबवतात, आणि काचेच्या आतून...

खर्र.

एकदाच. मग तेही थांबतं.

अशा वेळी ते आत बघत नाहीत. वरून खाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत खरवडत राहतात, आणि मोठ्याने बोलत राहतात. काय बोलतात विचारलं तर सांगत नाहीत.

तर वाचकांपैकी कुणी कॅनडाहून बेंगळुरूला येणार असेल, तर प्लास्टिकचा एक चांगला स्क्रेपर घेऊन या. इथल्या दुकानांत 'इल्ला सार', म्हणजे नाही साहेब, एवढंच म्हणतात. झाकणाची कड झिजत आली आहे, आणि सांबार पावडर वर्षभर उघडीच आहे.